आठवीच्या वर्गाचा प्रोजेक्टर

विक्रेत्याने लॅपटॉपची वायर जोडली आणि आठवीच्या वर्गाच्या भिंतीवर एक पोपट उमटला. हिरवागार, चोचीवर पाण्याचा थेंब असलेला. मागोमाग धबधबा आला, मग निळ्या पाण्यात सावकाश वळणारा देवमासा. मुलं एका सुरात ओरडली. दारात उभे असलेले आमचे मुख्याध्यापक समाधानाने हसले. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि म्हटलं, "आता यातलं पचनसंस्थेचं पान लावा."

"मॅडम, पहले कलर तो देख लो," विक्रेता म्हणाला. "असा कलर अख्ख्या भिवंडीत कुणाकडे नाही."

"कलर बघितला. आमच्या मुलांना परीक्षेत पोपट येत नाही."

मुख्याध्यापक मोठ्याने हसले. "ही माझी विद्यार्थिनी आहे बरं का," ते त्याला म्हणाले. "हिला गुंडाळणं सोपं नाही."

त्या एका वाक्यावर मी तो सगळा दिवस खूश होते.

मी त्यांना मुख्याध्यापक कधीच म्हटलं नाही. माझ्यासाठी ते सर. त्यांच्याच हाताखाली मी याच शाळेत शिकले आणि आता इथेच विज्ञान शिकवते. आमचं गाव तालुक्याच्या आतल्या बाजूला आहे. घरात शेती, पावसाळ्यानंतर वडिलांची मिळेल ती मजुरी. माझी दहावी झाली तेव्हा वडिलांनी माझी पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली होती, कारण त्यांच्या दृष्टीने काम संपलं होतं. सर एसटीने आले, फाट्यावरून चालत आले आणि आमच्या पडवीत बसले.

"पोरीला शिकवून काय करू सर? आमच्यात कोन शिकलंय?" वडिलांनी विचारलं.

"कोणी नाही, म्हणूनच तर आलो."

"मंग लगीन कोन करंल तिच्याशी?"

"शिकलेला करेल. तुम्ही आधी पुस्तकं परत आणा."

वडील उठले आणि शेजारी जाऊन पुस्तकं घेऊन आले. त्यापुढचं सगळं, कॉलेज, बी.एस्सी., बी.एड., ही नोकरी, त्या पडवीतून निघालं. आमच्या घरात सरांचं नाव घेताना आई अजून डोक्यावर पदर घेते. हे मी सांगते आहे ते एवढ्यासाठी, की सरांनी प्रोजेक्टर निवडायचं काम माझ्यावर सोपवलं तेव्हा त्याचा दुसरा काही अर्थ असेल हे माझ्या मनात येणंच शक्य नव्हतं.

पूर्ण्याकडच्या एका गोदामवाल्या कंपनीने आमच्या संस्थेला वर्गांसाठी प्रोजेक्टर देऊ केले होते. कुठले घ्यायचे ते शाळेने ठरवायचं होतं. सरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, "ही निवडेल. हिच्या शब्दावर घेऊ." आमची शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, जुनी. संस्थेने नुकतीच पूर्ण्याच्या रस्त्यावर एक इंग्रजी शाळाही काढली होती. तिच्याशी आमचा संबंध फक्त संस्थेच्या नावापुरता, अशी माझी समजूत होती.

मी कामाला लागले. पोपटाचा तो पहिला डेमो शुक्रवारी झाला. विक्रेत्याने शुक्रवारच मागून घेतला होता आणि का ते मला ठाऊक होतं. आमच्या शाळेच्या तिन्ही बाजूंना लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग आहेत आणि आमच्या भागात शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी शाळा ओळखू येत नाही. खडूचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

"सोमवारी परत आणा," मी म्हटलं.

"मॅडम, तोच प्रोजेक्टर, तीच भिंत. सोमवारी काय वेगळं दिसणार?"

"सोमवारी भिंत वेगळी असते."

सोमवारी लूम चालू होते आणि त्यालाही ते दिसलं. छताला टांगून बसवायचा जो प्रोजेक्टर त्याने आणला होता, त्याचं चित्र थरथरत होतं. मागच्या भिंतीपलीकडे लूम धडधडत होते, त्यांचा हादरा छतात येत होता आणि छतापासून समोरच्या भिंतीपर्यंत पोचेतो अक्षरांच्या कडा दुहेरी होत होत्या. 'जठर' वाचताना शेवटच्या बाकावरची मुलगी डोळे बारीक करून म्हणाली, "बाई, हे हलतंय." पोपट आणि धबधब्याला हललेलं चालतं. अनुस्वाराला चालत नाही.

शिवाय आमच्या खिडक्यांना पडदे नाहीत, आणि लावले तरी उन्हाळ्यात त्या बंद करता येत नाहीत. पंखा आहे, पण वारा खिडकीतूनच येतो. खिडकीतून वाऱ्याबरोबर रुई येते. लूममधली ही कापसाची रुई बाकांवर, वहीत, मुलींच्या केसांत, सगळीकडे बसते. दुसऱ्या एका शाळेतल्या मैत्रिणीने मला सांगितलं होतं, की त्यांच्या प्रोजेक्टरची जाळी रुईने भरायची, तो तापायचा आणि तासाच्या मध्येच आपोआप बंद पडायचा.

तेव्हा मला काय हवं ते माझं मला पक्कं झालं. एक, भरदुपारी खिडक्या उघड्या असताना शेवटच्या बाकावरून मराठी अक्षर वाचता आलं पाहिजे. दुसरं म्हणजे आतला दिवा बदलायची भानगड नको आणि रुई आत जाता कामा नये. आणि तो छताला नको, फळ्याच्याच भिंतीवर, चित्राच्या डोक्यावर बसणारा हवा. असे प्रोजेक्टर मिळतात. ते भिंतीच्या अगदी जवळून मोठं चित्र टाकतात. शिकवणाऱ्याची सावली पडत नाही. आणि भिंत हलली तर चित्र आणि प्रोजेक्टर दोघंही तिच्याबरोबरच हलतात. या शेवटच्या मुद्द्याचा मला इतका अभिमान वाटला, की मी तो सरांना फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितला.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सगळ्यात चांगला तोच ना?"

"आपल्या वर्गासाठी तोच, सर."

"मग तोच."

एवढ्या पटकन ते तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. मी आणखी मुद्दे तयार ठेवले होते.

मे महिन्यात आम्ही शिक्षक घरोघर फिरतो. मराठी शाळेत शिकवणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पट टिकवायचा असेल तर सुट्टीत चाळी चढाव्या लागतात. मुलं कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जातो. त्या वर्षी सातवीतून आठवीत येणाऱ्या मुलांसाठी मी कामतघरात फिरत होते. एका चाळीत माझ्या एका हुशार विद्यार्थिनीचं घर होतं. तिची आई घरासमोरच्या शेडमध्ये मशीनवर कांड्या भरते, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळते. मशीन न थांबवताच ती माझ्याशी बोलली.

"बाई, शेजारणीची पोर टाय लावून जाते. माझी विचारते, मला टाय का न्हाय?"

"टाय पाहिजे की शिक्षण?"

"दोन्ही पायजे. तुम्ही एकच देता."

शेडमधल्या बाकीच्या बायका हसल्या. मलाही हसू आलं. मग तिने सांगितलं की कल्याण नाक्याच्या बाजूला एका शाळेत सेमी इंग्रजीची तुकडी आहे, भावाने तिथे शब्द टाकला आहे आणि लगेच नाव घातलं नाही तर जागा जाईल.

मी तिला प्रोजेक्टरबद्दल सांगितलं. हृदय कसं चालतं ते हलत्या चित्रात दिसेल, इंग्रजी शब्दही मी त्यावरच शिकवीन, शेवटच्या बाकावरूनही सगळं वाचता येईल, असं सगळं. तिने मशीन थांबवलं.

"वर्गात बसवनार?"

"वर्गात."

"कुलपातल्या खोलीत न्हाय ना? साहेब आला की काढायचा, गेला की ठेवायचा. तसलं लय बघितलंय."

"वर्गातच. मीच निवडलाय. रिमोट माझ्या हातात असेल."

तिने मशीनवर नवी कांडी लावली. "बरं. मग तुमच्या शब्दावर ठेवते. भावाला काय सांगायचं ते मी बघते."

जूनमध्ये प्रोजेक्टर बसले. आठवीच्या वर्गात समारंभ झाला. सरांनी मुद्दाम सांगून माझ्या वडिलांना गावाहून बोलावून घेतलं होतं. धुतलेली टोपी, इस्त्री केलेला सदरा, पहिल्या रांगेत खुर्ची. कंपनीच्या एक मॅडम आल्या होत्या. नारळ फुटला, मुलांना प्रोजेक्टरभोवती उभं करून फोटो काढले. मग सरांनी मला बोलायला सांगितलं. "तुझी गोष्ट सांग. पडवीपासून," ते माझ्या कानात म्हणाले.

मी सांगितली. शेजारणीकडे गेलेली पुस्तकं, एसटी, फाटा, सर. ऐकताना वडिलांनी टोपी काढून डोळे पुसले. कंपनीच्या मॅडमनीही रुमाल काढला. घरी जाताना वडील म्हणाले, "देवमानूस हाय तुजा सर. मला खुर्चीवर बसवलं."

ते दोन-अडीच महिने फार चांगले गेले. एकदा मी पेशी मोठी करून दाखवली तर पोरं उभी राहिली. कामतघरच्या त्या आईने रुईपासून जपायला लूमच्या जाड कोऱ्या कापडाची एक खोळ शिवून पाठवली, उशीच्या अभ्र्यासारखी, वर नाडीची. शाळा सुटली की तिची मुलगी बाकावर चढून ती खोळ प्रोजेक्टरवर घालायची आणि सकाळी काढायची. ते काम ती कुणालाही करू द्यायची नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा भिंतीवर चार भोकं होती.

शिपाई म्हणाले, "सर्व्हिसिंगला नेलेत बाई." मी विश्वास ठेवला. नव्या वस्तूला सर्व्हिसिंग लागते असं समजून मी मुलांनाही तसंच सांगितलं. आठवडा गेल्यावर मी विक्रेत्याला फोन केला, कधी परत आणताय म्हणून.

"कसली सर्व्हिसिंग, मॅडम?" तो चकित होऊन म्हणाला. "आमचीच माणसं तिकडे बसवून आली ना. पूर्ण्याला, तुमच्या नव्या इंग्लिश स्कूलमध्ये. सरांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी त्या शनिवारी शाळा सुटल्यावर रिक्षाने गेले. दोन्ही बाजूंना गोदामं, मधे कंटेनरच्या रांगा. त्यांच्यामध्ये ती काचेची इमारत होती. संस्थेचं ओळखपत्र दाखवल्यावर मला आत सोडलं. वर्ग उघडा होता. एसी चालू होता. खिडक्यांना जाड पडदे होते आणि ते ओढलेले होते, आत इतका अंधार, की मला फरशी दिसायला क्षण लागला. फळ्याच्या वर आमचा प्रोजेक्टर होता. आमच्या मुलांनी त्याच्या बाजूला लावलेला तिरंग्याचा छोटा स्टिकर तसाच होता.

मी भिंतीला हात लावून बघितला. भिंत हलत नव्हती. लूम तिथून कितीतरी लांब होते. रुईचा मागमूस नव्हता. त्या खोलीत साधा, छताला टांगायचा, पोपटवाला प्रोजेक्टरही छान चालला असता. मी जे जे म्हणून बघून निवडलं होतं, त्यातलं काहीच तिथे लागत नव्हतं. प्रोजेक्टर नेले याचा राग मला नंतर आला. तिथे उभी असताना मला वाटलं ते एवढंच, की माझी सगळी मेहनत कुणी ऐकलीच नव्हती. सगळ्यात चांगला कुठला, एवढंच त्यांना हवं होतं.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते मला बसायला सांगतात तेव्हा खुर्ची दाखवतात. त्या दिवशी त्यांनी दाखवली नाही, मीही बसले नाही.

"बघून आलीस म्हणे," तेच म्हणाले.

"सर, ते आठवीच्या वर्गासाठी होते."

"देणगी संस्थेला आली होती, वर्गाला नाही. जरा व्यवहार बघ. इथे अजून किती वर्षं मुलं येतील? तिकडे पालक इमारत बघून, यंत्रं बघून नाव घालतात. ती शाळा उभी राहिली तर हीसुद्धा टिकेल."

"मग कंपनीकडे सरळ तिकडच्यासाठीच का नाही मागितले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात बाळबोध प्रश्न विचारला की पूर्वी असंच बघायचे. "फी भरणाऱ्या मुलांना कोण दान देतं?"

"म्हणजे आधीपासून ठरलं होतं?"

"वर्षभर इथे ठेवायचे होते. पण तिकडे दिवाळीनंतर प्रवेशाच्या चौकशा सुरू होतात."

"आणि माझे वडील?" मी विचारलं. "त्यांना कशाला बोलावलंत?"

"चांगलं वाटलं ना त्यांना? अगं, तुझं भाषण ऐकून त्या मॅडम हेलावल्या. पुढच्या वर्षी प्रयोगशाळा देणार आहेत."

"कुणाला?"

सर खिडकीकडे बघायला लागले. खिडकीबाहेर लूमची भिंत आहे, बघण्यासारखं काही नाही. मग ते हळू आवाजात, अगदी मायेने म्हणाले, "पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. तिकडे संचालक म्हणून जाईन. विज्ञानाला तुझी जागा मी धरून ठेवलीय. मी तुला कधी वाऱ्यावर सोडलंय का?"

सोडलं नव्हतं. तेच तर अवघड होतं. खोटं बोलणारा माणूस माझ्या ओळखीचा नसता तर मी भांडले असते. मी फक्त "येते सर" म्हटलं आणि बाहेर पडले.

संध्याकाळी मी कामतघरला गेले. मला बघून त्या आईने मशीन थांबवलं नाही.

"या बाई. आज काय द्यायला आलात?"

शेडमध्ये या वेळी कुणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "पोरगी खोळ घरी घेऊन आली. म्हनाली, आई, घालायला काय न्हाय उरलं. मी तवाच समजले."

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "पूर्ण्याच्या इंग्रजी शाळेत नेलेत. परत येणार नाहीत. मी तुम्हाला तोंडावर सांगायला आले."

"तुम्हाला ठाऊक न्हाय, मग आमाला कसं ठाऊक असनार? आमी तुमच्याकडं बघून ठेवलं ना." तिने मशीन बंद केलं आणि पदराने हातावरची रुई झटकली. "भाऊ अजून टोमने मारतो. ती जागा भरली नसंल तर आजून घेतील म्हनतो, पन मधेच कशाला काढली ते शाळेला सांगावं लागंल. बाई, खरं सांगा. तुमची पोर असती तर काय केलं असतं?"

सप्टेंबर संपत आला होता. सप्टेंबरअखेरच्या पटावर शिक्षकांच्या जागा ठरतात. आठवीत एकेक नाव आम्ही मोजून धरलं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काढली असती," मी म्हटलं.

"मग माझ्यासंगट चला तिकडं. मी बोलले तर दारातच उभी करतील."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघी कल्याण नाक्याकडे गेलो. तिथल्या मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्ही कोण मुलीच्या? मावशी?"

"तिची विज्ञानाची शिक्षिका आहे. जुन्या शाळेतली."

"आणि तुम्हीच मुलगी दुसरीकडे घालताय? असं पहिल्यांदाच बघतेय."

"मुलगी हुशार आहे. इंग्रजीत थोडी मागे आहे, ते मी घरी जाऊन करून घेईन."

त्यांनी मुलीला एक धडा वाचायला दिला. ती अडखळत, पण न थांबता वाचत गेली. "दाखला आणा," बाई शेवटी म्हणाल्या. "आज-उद्यात. त्यापुढे मला घेता येणार नाही."

मी शाळेत परतले तेव्हा मधली सुट्टी होती. सर व्हरांड्यातच उभे होते. बातमी माझ्या आधी पोचली होती. भिवंडीत ती पोचतेच.

"एवढ्यासाठी रजा टाकलीस?" त्यांनी आवाज वाढवला नव्हता. "आपल्याच वर्गातलं पोर हाताला धरून दुसऱ्याच्या शाळेत नेऊन घालतेस? माझ्याशी असं करायचं होतं तुला?"

मला त्यांचा चेहरा बघवेना. त्यांना खरंच लागलं होतं. मी त्यांना दगा दिला असंच त्यांना वाटत होतं आणि मला त्यांची समजूत घालता येत नव्हती, कारण तेव्हा मी रडले असते आणि मग नेहमीसारखं त्यांनीच माझी समजूत घातली असती.

"सर," मी म्हटलं, "तिचा दाखला आज मिळेल का? तिथे उद्यापर्यंतच मुदत आहे."

ते वळले. केबिनमध्ये गेले. मी मागोमाग गेले आणि टेबलाच्या अलीकडे उभी राहिले. क्लार्कने दाखला तयार करून आणला. सरांनी तो नाव, जन्मतारीख, वर्तन, सगळं तपासून वाचला, जसा ते प्रत्येक मुलाचा वाचतात. मग सही केली. दाखला त्यांनी माझ्या हातात दिला नाही. टेबलावरून माझ्या बाजूला सरकवला आणि पेनाचं टोपण लावत बसले. ते काही केल्या बसत नव्हतं.